संपातील दगडफेकीचा गुन्हा : अटकेपासून निकालापर्यंतची तीन वर्षे

एसटी कर्मचाऱ्यांच्या २०२१-२२ च्या संपात आमच्या आगारापासून काही किलोमीटरवर एका गाडीवर दगडफेक झाली, चालक जखमी झाला आणि आम्हा अकरा जणांवर गुन्हा दाखल झाला. त्या यादीत मी सातव्या क्रमांकाचा आरोपी होतो. जानेवारी २०२२ मध्ये मला अटक झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये सत्र न्यायालयाने आमची निर्दोष मुक्तता केली. मधल्या तीन वर्षांत कोणता कागद कुठे लागतो, कोणत्या दिवशी कोणासमोर उभे राहावे लागते, हे सांगणारे एकही माणूस आमच्या घरात नव्हते. अशा प्रसंगात सापडलेल्या एखाद्या कामगाराला किंवा त्याच्या घरच्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे. मराठवाड्यातील एका तालुक्याचे आगार, एवढेच ठिकाण सांगतो. माणसांची नावे मुद्दाम देत नाही.

मी वाहक आहे आणि संप सुरू झाला तेव्हा माझी सेवा नऊ वर्षांची होती. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस, दिवाळीच्या तोंडावर, संघटनांनी महागाई भत्ता आणि इतर मागण्यांसाठी पुकारलेले उपोषण मागे घेतले गेले, पण कर्मचारी मागे हटले नाहीत, कारण तोपर्यंत महामंडळाचे राज्य शासनात विलिनीकरण ही एकच मागणी सगळ्यांच्या तोंडी झाली होती. करोनाच्या काळात पगार वेळेवर होत नव्हते आणि माझ्या हातात महिन्याला साधारण सतरा हजार रुपये पडत होते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यातील जवळजवळ अडीचशे आगारे बंद पडली. मीही चार दिवस मुंबईत आझाद मैदानावर बसून आलो. २४ नोव्हेंबरला शासनाने मूळ वेतनात वाढ जाहीर केली, त्यात माझ्यासारख्या दहा वर्षांच्या आतील सेवेच्या कर्मचाऱ्याला पाच हजारांची वाढ होती, आणि तेव्हापासून आमच्यात दोन तट पडले. काही जण कामावर परतले, बहुतेक परतले नाहीत. राज्यभरातून कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या आणि त्या वाचून मंडपात बसलेल्या माणसाला घरी जाणे म्हणजे विश्वासघात वाटत असे. मलाही तसेच वाटत होते, म्हणून मी राहिलो. डिसेंबरात माझे निलंबन झाले.

घटना जानेवारीच्या मध्यावर संध्याकाळी घडली. आगारातून पोलीस बंदोबस्तात एक गाडी सुटणार असल्याचा निरोप मोबाइलवर आला आणि तीस-चाळीस जण फाट्यावर जमलो. गळिताचा हंगाम होता. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असल्यामुळे गाडी हळू आली, बंदोबस्ताचे वाहन पुढे निघून गेले आणि आम्ही गाडीपुढे आडवे झालो. यातला माझा वाटा मी कधी नाकारला नाही. मी रस्त्यात उभा राहिलो आणि घोषणा दिल्या. चालकाला खाली उतरवून हात जोडायचे आणि गाडी परत पाठवायची, एवढेच ठरले होते. पण गर्दीत दर दोन मिनिटांनी नवी माणसे मिसळत होती, त्यांतली काही आमच्या ओळखीचीही नव्हती, आणि उजव्या बाजूच्या शेतातून पहिला दगड आला. पुढची काच फुटली, पाठोपाठ आणखी तीन-चार दगड आले. गाडीत नऊ प्रवासी होते. प्रवाशांना लागले नाही, पण चालकाच्या कपाळाला आणि डोळ्याच्या वर काच लागली.

तो चालक म्हणजे आमचे अण्णा. मुक्कामी गाडीवर त्यांच्यासोबत मी दोन वर्षे काढली होती, एकाच डब्यातून जेवलो होतो. मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे लागणार म्हणून ते डिसेंबरमध्ये कामावर परतले होते. रक्त पाहिल्याबरोबर बहुतेक जण शेतातून पळाले आणि मीही पळालो. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे. गुन्ह्याच्या कलमांत ती कुठेही नव्हती.

रात्री साडेअकरा वाजता पोलीस घरी आले. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक न करता आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलेले आहे, आणि आमच्यातल्या चौघांना तशी नोटीस मिळालीही. मला मिळाली नाही. त्या वेळी या निकालाचे नावही मला माहीत नव्हते. नोटीस मिळाली तर ठरलेल्या वेळी हजर राहावे आणि हजर राहिल्याची पोच घ्यावी, कारण हजर न राहणे हेच पुढे अटकेचे कारण ठरू शकते. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४१-अ ची ही नोटीस आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे.

फिर्यादीत भारतीय दंड संहितेची कलमे १४३, १४७, १४९, ३४१, ३३२, ३५३ आणि ४२७ होती आणि सोबत सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध कायदा, १९८४ चे कलम ३ होते. यातली दोन कलमे समजून घेण्यासारखी आहेत. जुन्या संहितेचे कलम १४९ सांगत होते की बेकायदा जमावाच्या समान उद्देशासाठी जमावातल्या एकाने गुन्हा केला तर जमावातला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा दोषी ठरतो. म्हणजे दगड मी मारला की नाही हा एकटा प्रश्न नव्हता, मी त्या जमावात कशासाठी होतो हा प्रश्न होता. कलम ३५३ लोकसेवकावरील हल्ल्याचे होते. एसटीचा कर्मचारी कायद्याने लोकसेवक मानला जातो, आणि महाराष्ट्राने २०१८ पासून या अजामीनपात्र कलमाची शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवून ते सत्र न्यायालयात चालणारे केले होते. २०१९ मध्ये एका प्रवाशाने सुट्ट्या पैशांवरून माझी गचांडी धरली होती, तेव्हा याच कलमाखाली मी स्वतः फिर्याद दिली होती. रात्री ठाण्यात हवालदारांनी कलमे वाचून दाखवली तेव्हा तो आकडा ऐकून मी खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैद्यकीय तपासणी आणि करोनाची चाचणी झाली आणि दुपारी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले. मारहाण झाली का, काही तक्रार आहे का, असे साहेब विचारतात. हा प्रश्न उपचाराचा नसतो. काही घडले असेल तर तेव्हाच सांगावे, ते नोंदले जाते. दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली, नंतर न्यायालयीन कोठडी. दंडाधिकाऱ्यांनी जामीन नाकारला, कारण कलम ३५३ सत्र न्यायालयाच्या अखत्यारीतले. सत्र न्यायालयात अर्ज गेला, आणि सरकारी वकिलांचे म्हणणे येण्यासाठी दोन तारखा गेल्या. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीच्या कायद्यात सरकार पक्षाला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय कोठडीतल्या आरोपीला जामीन देता येत नाही, हे घरच्यांना ठाऊक नसल्यामुळे वकील चालढकल करतात असे त्यांना वाटत राहिले. वकीलसाहेबांचा दोष नव्हता.

मी एकूण बारा दिवस आत होतो. करोनाची लाट होती, त्यामुळे आधी विलगीकरण बराक आणि मुलाखती बंद. पत्नीशी दोनदा फोनवर बोलणे झाले. पहिल्या वेळी तिने विचारले, "अहो, दगड तुम्ही मारला का?" मी नाही म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "मग अण्णांना दवाखान्यात कोणी नेलं?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. प्रवाशांनीच त्यांना उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरवर बसवून नेल्याचे मला आत असलेल्या दुसऱ्या आरोपीकडून कळले.

जामीन मंजूर होणे आणि माणूस बाहेर येणे यांत आमच्या बाबतीत तीन दिवसांचे अंतर पडले. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, असा आदेश होता. मामा त्यांच्या दोन एकरांचा सातबारा घेऊन आले, पण त्यावर इतर अधिकार या रकान्यात सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा होता आणि तो जामीनदार स्वीकारला गेला नाही. मग मामांनी तहसीलमधून ऐपतीचा दाखला काढला, त्यात दीड दिवस गेला. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांनी जामीन मंजूर होण्याची वाट न पाहता बोजा नसलेला ताजा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, जामीनदाराचे आधार, रेशनकार्ड आणि छायाचित्रे आधीच एका पिशवीत तयार ठेवावीत. सुटकेचा आदेश कारागृहाच्या जामीन पेटीत संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेआधी पडला नाही तर आणखी एक रात्र जाते. आमची गेली.

खर्चही सांगतो. जामिनापर्यंत वकिलांची फी वीस हजार, जामीनदाराचे कागद, टंकलेखन, नकला आणि येण्याजाण्याचा मिळून आणखी सहा हजार. संपामुळे पगार बंद होता. पत्नीने कानातले गहाण ठेवले आणि जानेवारी-फेब्रुवारीत कापूस वेचायला गेली. पुढे कळलेली एक गोष्ट तेव्हाच कळली असती तर यातला मोठा भार वाचला असता. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्या प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि साध्या अर्जावर काम होते. खटल्याच्या टप्प्यावर आमच्यातल्या तिघांनी तेथून वकील घेतला आणि त्या वकीलबाईंनी घेतलेली उलटतपासणी सर्वांत नेमकी होती.

जामिनाची अट म्हणून तीन महिने दर रविवारी ठाण्यात हजेरी होती. हजेरीच्या वहीत सही झाल्यावर मी तारीख-वेळ माझ्याही वहीत लिहून ठेवत असे. एकदा ठाण्यातली वही सापडेना, तेव्हा ती उपयोगी पडली. याच काळात फेब्रुवारीत माझ्या बडतर्फीचा आदेश आला. मार्चच्या सुरुवातीला त्रिसदस्यीय समितीचा विलिनीकरण शक्य नसल्याचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला. ७ एप्रिलला उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर परतण्यास सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईत शरद पवार यांच्या निवासस्थानी आंदोलक घुसले, दगड आणि चपला फेकल्या गेल्या, शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना अटक झाली. मी ते दूरचित्रवाणीवर पाहिले. त्या रांगेत पोलीस गाडीत चढणाऱ्या माणसांत कोणी ओळखीचे दिसते का ते शोधत होतो आणि त्यांच्या घरी आता सातबारा शोधायला सुरुवात होईल, एवढेच मनात येत होते.

२२ एप्रिलला बहुतेक सहकारी कामावर गेले. बडतर्फीविरुद्धचे माझे अपील जूनमध्ये ऐकले गेले. विभागीय चौकशीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण अनेक जण तिथे घोटाळा करतात. फौजदारी खटला आणि खात्याची चौकशी या दोन स्वतंत्र वाटा आहेत. खटल्यात संशयापलीकडे पुरावा लागतो, चौकशीत शक्यतेच्या पारड्यावर निर्णय होतो. त्यामुळे एकीकडे सुटलो म्हणून दुसरीकडची शिक्षा आपोआप पुसली जात नाही. मात्र दोन्हीकडे घटना, पुरावा आणि साक्षीदार तेच असतील तर निर्दोष सुटकेला वजन मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये कॅप्टन पॉल अँथनी प्रकरणात मान्य केले आहे. चौकशीत लेखी जबाब देताना रागाच्या भरात लिहिलेले वाक्य पुढे न्यायालयात पुरावा होऊ शकते. मी रस्ता अडवल्याचे मान्य करावे की नाही, यावर बचाव प्रतिनिधी आणि वकील यांच्यात मतभेद होते. शेवटी वकिलांच्या सल्ल्याने मी खटला प्रलंबित असल्यामुळे घटनेच्या तपशिलावर आता निवेदन करत नाही, असे लिहून दिले. बडतर्फी रद्द झाली, दोन वार्षिक वेतनवाढी रोखण्याची शिक्षा कायम झाली आणि जुलै २०२२ मध्ये मी तिकीट मशीन पुन्हा हातात घेतले.

अण्णा तेव्हा त्याच आगारात होते. पहिले चार दिवस आम्ही बोललो नाही. पाचव्या दिवशी विश्रांतीगृहात त्यांच्यासमोर जाऊन मी एवढेच म्हणालो, की अण्णा, मी पळायला नको होते. ते म्हणाले, "खटला संपेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस. साक्षीदाराशी बोललास म्हणून तुझाच जामीन जाईल." ते खरे होते. जामिनाच्या आदेशात साक्षीदारांशी संपर्क न ठेवण्याची अट होती. एका आगारात काम करून ती पाळायची म्हणजे ड्युटी लावणाऱ्यालाही सांगून ठेवावे लागते, आणि मी तसा लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतली.

दोषारोपपत्र एप्रिल २०२२ मध्ये दाखल झाले होते. त्याची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते, ती पान न पान वाचावी. आमच्या प्रतीत घटनेची वेळ पंचनाम्यात एक आणि फिर्यादीत दुसरी होती, आणि मोबाइलवरील चित्रफितीसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारे, पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र नव्हते. सप्टेंबरमध्ये प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग झाले. त्यानंतर ऑगस्ट २०२३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ वर्षभर, फक्त तारखा. अकरांपैकी एक जरी गैरहजर असला तरी आरोप निश्चित होत नसत. प्रत्येक तारखेला एक रजा आणि जिल्ह्याला जाण्याचा खर्च जात होता. येणे खरोखर अशक्य असेल तर वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी द्यावा. आमच्यातल्या एकाने तो दिला नाही आणि त्याच्यावर वॉरंट निघाले. ई-कोर्ट सेवेच्या मोबाइल ॲपवर खटल्याचा सीएनआर क्रमांक घातला की पुढची तारीख आदल्या दिवशी पाहता येते, त्यामुळे दोन-तीन फेऱ्या वाचल्या.

मधल्या काळात आम्ही राजकीय आणि सामाजिक आंदोलनातील खटले मागे घेण्याच्या शासन निर्णयानुसार अर्जही केला. त्यात जीवितहानी झालेली नसावी आणि नुकसान पाच लाखांपेक्षा जास्त नसावे, अशा अटी होत्या आणि आमचे प्रकरण त्यांत बसत होते, कारण गाडीच्या नुकसानीचा आकडा एक लाखाच्या आतला होता. पण शासनाने ठरवले तरी खटला मागे घेण्याला सरकारी वकिलांचा अर्ज आणि न्यायालयाची परवानगी लागते. आमच्या अर्जाचे उत्तर साक्षी सुरू होईपर्यंत आले नाही. अशा अर्जावर विसंबून बचावाची तयारी थांबवू नये.

साक्षी फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०२४ मध्ये झाल्या. दोन पंच फितूर झाले. पोलीस साक्षीदारांपैकी एकाने माझे नाव घेतले, दुसऱ्याने घेतले नाही. मोठ्या जमावाच्या प्रकरणात एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर न जाता दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी सुसंगतपणे ज्याचे नाव घेतले त्यालाच दोषी धरणे सुरक्षित, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये मसालटी प्रकरणात म्हटले होते. आमच्या वकिलांचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा होता.

अण्णांची साक्ष ऑगस्टमध्ये झाली. मला वाटत होते की ते माझे नाव घेतील, आणि घेतले असते तर ते खोटे ठरले नसते, कारण काचेतून त्यांनी मला समोर उभे पाहिले होते. त्यांनी तेच सांगितले. मी समोर उभा होतो, माझे दोन्ही हात वर होते, हातात काही नव्हते, दगड उजवीकडच्या शेतातून आला आणि तो कोणी मारला हे दिसले नाही. सरकारी वकिलांनी दोनदा विचारले, दोन्ही वेळा त्यांनी तेच उत्तर दिले. मी जमावात होतो ही गोष्ट त्यांनी लपवली नाही आणि दगड माझ्या हातात होता असेही म्हटले नाही. निकालपत्रात त्यांच्या साक्षीचा उतारा चार ठिकाणी आला आहे.

जानेवारी २०२५ मध्ये निकाल लागला. रस्ता अडवला गेला आणि दगडफेक झाली हे सिद्ध, पण आरोपींची ओळख आणि दगडफेकीचा समान उद्देश संशयापलीकडे सिद्ध नाही, म्हणून निर्दोष मुक्तता. हा शब्द नीट लक्षात ठेवावा. पुराव्याआधीच आरोपातून वगळले तर ते दोषमुक्त, खटला चालून सुटका झाली तर निर्दोष मुक्तता. कार्यालयीन अर्जांत चुकीचा शब्द लिहिला तर अर्ज परत येतो, माझा एकदा आला. निकालाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागावी आणि दोन प्रती घ्याव्यात. एक मी आस्थापना शाखेत वेतनवाढींच्या फेरविचाराच्या अर्जासोबत दिली. त्या अर्जाचा निर्णय अजून व्हायचा आहे.

सुटका झाल्यावरही, वरच्या न्यायालयात अपील झाल्यास हजर राहीन, असा सहा महिन्यांचा बंधपत्राचा कागद जामीनदारासह द्यावा लागतो. मामा पुन्हा आले, या वेळी ऐपतीचा दाखला त्यांनी न सांगता आधीच काढून आणला होता. जुलैमध्ये ती मुदत संपली. मी मामांना फोन करून सांगितले, आणि संध्याकाळची ड्युटी अण्णांच्या गाडीवर लागली होती म्हणून डबा दोघांचा नेला.